टका घसरला, पेटी उतरली

सांगलीपासून बांगलादेशची सीमा जवळपास २,००० किलोमीटर लांब आहे. तरीही तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ आणि मिरजेच्या पूर्व भागातल्या द्राक्षबागायतदाराच्या हिशेबात ती सीमा दर हंगामात येऊन बसते. बंगालमधल्या पेट्रापोलच्या नाक्यावर काय चाललंय, याचा परिणाम तासगावच्या शिवारात आठवडाभरात दिसतो. आम्ही सांगलीतल्या विश्रामबागची माणसं कृष्णेच्या पाणीपातळीवर रोज बोलतो, उसाच्या दरावर बोलतो. बांगलादेशच्या टक्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. बोलायला हवं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या बागेत माल उतरताना पाहावं. बायका कात्रीने घड तोडतात, खराब मणी खुडतात, कागद अंथरलेल्या पेटीत चार किलो माल भरतात. भाव बोलला जातो तोही या चार किलोंच्या पेटीमागे. सौदा ठरलेला असतो, निम्मी बाग उतरलेली असते आणि व्यापारी सांगतो, ‘तिकडं माल उठत नाही, पेटीमागं वीस रुपये कमी धरा.’ हे ‘तिकडं’ म्हणजे बऱ्याचदा पेट्रापोलच्या पलीकडचं बेनापोल आणि ढाका. बागायतदार मान डोलावतो, कारण पिकलेला घड वेलीवर थांबत नाही.

आता त्या वीस रुपयांचा माग काढू. २०२२च्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे ८६ टके पडत होते. युक्रेन युद्धानंतर तेल आणि धान्य महागलं, बांगलादेशची परकीय गंगाजळी आटू लागली आणि टका घसरला. मे २०२४मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने अधिकृत दरच ११७च्या आसपास नेला. याच काळात आपला रुपयाही पडला, पण ७४-७५वरून ८३-८४पर्यंत. म्हणजे टक्यापेक्षा बराच कमी. एक लाख रुपयांच्या द्राक्षांसाठी ढाक्याच्या आयातदाराला २०२२च्या आरंभी साधारण १ लाख १६ हजार टके मोजावे लागत, तिथे मे २०२४मध्ये १ लाख ४० हजारांच्या घरात मोजावे लागले. द्राक्ष तेच, बाग तीच. ‘रुपया घसरला की निर्यातदाराचं फावतं’ हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. युरोपला जाणाऱ्या मालाबाबत त्यात तथ्य आहे. शेजाऱ्याचं चलन आपल्यापेक्षा जास्त पडलं, तर ते साफ खोटं ठरतं.

त्यावर जकातीचा बोजा वेगळाच. ती मालाच्या टक्यांतल्या किमतीवर आकारली जाते. १०० डॉलरच्या मालावर २० टक्के कर धरला, तर ८६च्या दराने १,७२० टके होतात आणि ११७च्या दराने २,३४०. कराचा दर जागचा न हलता कर वाढतो. प्रत्यक्षात दरही हलला. डॉलर वाचवण्यासाठी मे २०२२मध्ये बांगलादेशने परदेशी फळांवरचं नियामक शुल्क २० टक्क्यांवर नेलं आणि जानेवारी २०२५मध्ये फळांवरचं पूरक शुल्कही वाढवलं. त्यात बँकांनी आयातीसाठी लागणारी एलसी, म्हणजे पतपत्रं, उघडायला हात आखडता घेतला. रमजान आणि द्राक्षाचा हंगाम अलीकडे एकत्र येतात. इफ्तारला फळ हवंच, मागणी दारात उभी असते. पण ज्याच्या हातात टका हलका झालाय, तो किलोऐवजी पाव किलो घेतो.

खुद्द सीमेवरच्या माणसांना हे चटके आधी बसतात. पेट्रापोल आणि शेजारच्या बनगावात पैसे बदलून देणारे दुकानदार, हमाल, क्लिअरिंग एजंट, ट्रकवाले, खानावळवाले यांचं पोट सीमा ओलांडणाऱ्या मालावर आणि माणसांवर आहे. टका पडला की पलीकडून खरेदीला किंवा कोलकात्यात उपचाराला येणारा माणूस हात राखून खर्च करतो. बांगलादेशातल्या ऑगस्ट २०२४मधल्या सत्तापालटानंतर व्हिसा आटले, तेव्हा तर माणसंच येईनाशी झाली.

नेपाळच्या सीमेवर चित्र निराळं आहे. १९९३पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर पक्का आहे. रक्सौल-बीरगंजला लोक ‘आयसी’ (भारतीय) आणि ‘एनसी’ (नेपाळी) अशा दोन्ही चलनांत तोंडी हिशेब करतात. रोजच्या चढउताराची धास्ती नाही. तिथला धक्का वेगळा होता. नोव्हेंबर २०१६मध्ये ५०० आणि १,०००च्या नोटा बाद झाल्या, तेव्हा नेपाळी घरांत जपून ठेवलेल्या भारतीय नोटा कागद झाल्या. याच मोकळ्या सीमेने चीनचा बेदाणा चोरून येतो, अशी आपल्या बेदाणा उत्पादकांची २०२५मधली तक्रार आहे. दर पक्का आणि सीमा उघडी असल्यावर चुकवलेला आयातकर हाच नफा.

द्राक्ष विकलं गेलं नाही तर बेदाणा करता येतो, असं म्हणतात. येतोही. पण त्यासाठी रॅक, डिपिंग ऑइल, मजूर, शीतगृहाचं भाडं हे सगळं आधी खिशातून घालावं लागतं. दिवाळीला सांगली-तासगावचे बेदाणा सौदे थांबतात आणि व्यापारी एकमेकांची देणी फेडून ‘झिरो पेमेंट’ करतात. ही आपल्या बाजाराची फार चांगली रीत आहे. ताज्या द्राक्षाला अशी शिस्त नाही; उधारीवर माल नेऊन परागंदा झालेल्या दलालांच्या तक्रारी दरवर्षी पोलीस ठाण्यांत जातात.

जुलै २०२३मध्ये भारत-बांगलादेश व्यापार रुपयांत करण्याची सोय झाली. डॉलरचा फेरा त्यामुळे चुकतो. मात्र बांगलादेश आपल्याला विकतो थोडं आणि आपल्याकडून घेतो कितीतरी पट. मग त्यांच्याकडे रुपये येणार कुठून? म्हणून ही वाट अरुंदच राहिली.

तेव्हा निदान आपल्या हातातलं तरी करू. सांगली आणि तासगावच्या बाजार समित्यांनी हंगामात रोज टक्याचा दर आणि बांगलादेशची चालू जकात फलकावर लावावी. द्राक्ष बागायतदार संघाने तीच माहिती सभासदांच्या मोबाइलवर पाठवावी. आणि बागायतदारांनो, पेटीमागचे वीस रुपये सोडण्याआधी व्यापाऱ्याला टक्याचा आजचा दर विचारा, आणि सौदा कागदावर घ्या.