लाल दिवा लागल्यावर फेडर नको, गेन
मिक्सर सॉफ्टवेअरमध्ये लाल दिवा लागला की अनेकजण फेडर (सरकपट्टी) खाली ओढतात. कानाला आवाज कमी लागतो, पण रेकॉर्डिंग फाटलेलंच राहतं. बहुतेक ऑडिओ इंटरफेसमध्ये फेडर फक्त हेडफोनमधला आवाज ठरवतो. रेकॉर्ड होणारी पातळी ठरते गेनने (माइकच्या क्षीण संकेताची वाढ).

गेन म्हणजे नळ, फेडर म्हणजे तांब्या. हंडा ओसंडत असताना तांब्या लहान घेऊन काय उपयोग? नळच कमी करायला हवा.

लाल दिवा सांगतो, की 0 डेसिबलच्या कमाल मर्यादेवर ध्वनिलाटेचे शेंडे कापले गेले. म्हणून गायिकेला आधीच तार सप्तकातली सर्वात जोरकस ओळ गायला सांगावी आणि मीटर उणे 12 च्या आसपास राहील इतकाच गेन ठेवावा. 24 बिट रेकॉर्डिंगमध्ये एवढी मोकळी जागा सोडल्याने आवाज मुळीच बिघडत नाही.