दहा बोटांची विरार लोकल

अंधेरीतला एखादा चर्चचा ऑर्गनवादक घ्या. रविवारची एकच मिस्सा, तीत चारच गाणी: प्रवेशाचं, अर्पणाचं, ख्रिस्तप्रसादाचं आणि शेवटचं. एवढंच? थांबा, पेन्सिल घ्या. वर्षाचे ५२ रविवार, म्हणजे २०८ गाणी. चाळीस वर्षांत ८,३२०! नाताळ, लग्नं, अंत्यविधी अजून धरलेच नाहीत.

आता एका गाण्यात शिरू. तीन कडवी धरू, कडव्याला साठ मात्रा, मात्रेला चार स्वर एकदम. झाल्या ७२० पट्ट्या. करा गुणाकार. साठ लाखांना टेकलो की हो! पट्टी साधारण एक सेंटीमीटर खाली जाते. साठ लाख सेंटीमीटर म्हणजे साठ किलोमीटर. म्हणजे चर्चगेट ते विरार! दाबलेलं बोट वरही यायला हवं, तेव्हा परतीचं तिकीट आलंच. बाकावरून न उठता! आणि पट्टीला एक रुपया दिला तर? दोन सेंटीमीटर रुंदीची ती नाणी कडेला कडा लावून सीएसएमटीहून रुळालगत पुण्याकडे मांडत चला. १२० किलोमीटर! संपतील तेव्हा तुम्ही खंडाळ्याच्या घाटात धापा टाकत असाल. (देणार कोण, ते विचारू नका.)

पायांचं म्हणाल, तर विशीतला जर्मन संगीतकार बाख १७०५ मध्ये नामांकित वादक बुक्स्टेहुडचा ऑर्गन ऐकायला आर्नश्टाटहून ल्युबेकला चालत गेला. चारशे किलोमीटर! रस्त्याने मुंबईहून पुणं गाठा, परत या, पुन्हा निघा आणि लोणावळा ओलांडा, तेवढं. रजा चार आठवड्यांची होती, स्वारी उगवली चारेक महिन्यांनी.

आणि वाद्य तरी केवढं! अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या सभागृहातल्या ऑर्गनला ३३,००० हून जास्त नळ्या आहेत. नळीमागे एक प्रवासी धरा आणि पाच-पाच हजारांनी गच्च लोकल भरत जा. सहा लोकल सुटल्या तरी तीन हजार नळ्या फलाटावर उभ्याच! सगळ्यात लांब नळी ६४ फुटांची. तीस फुटी दोन विहिरी एकीखाली एक खणल्या, तरी ती चार फूट वर डोकावेल.

पण थांबा, खरी गंमत जर्मनीत हाल्बरश्टाटला आहे. जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची एक रचना तिथे ऑर्गनवर ५ सप्टेंबर २००१ ला सुरू झाली. पहिले सतरा महिने नुसती शांतता. पट्ट्या दाबून ठेवायला वाळूच्या पिशव्या. संपणार कधी? २६४० साली. ६३९ वर्षं, एकच रचना! तेवढं मागे गेलो तर शिवरायांचा जन्म व्हायलाच जवळजवळ अडीचशे वर्षं उरतात. आपल्या अंधेरीत, सीप्झच्या आवारात, १५७९ सालच्या सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष उभे आहेत. बांधलं त्याच वर्षी तिथे कुणी ही रचना याच चालीने छेडली असती, तर चर्च पडलं, झाडी वाढली, भोवती कारखाने आले, तरी शेवटचा स्वर थांबायला २२१८ उजाडलं असतं!