उपासनेत भावना आणि बुद्धी

गाणं म्हणजे भावना आणि प्रवचन म्हणजे बुद्धी, अशी ख्रिस्ती उपासनेची वाटणी अनेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात उपासना म्हणजे देवाला दिलेला संपूर्ण माणसाचा प्रतिसाद. ज्वारीच्या पिठात पाणी मुरलं की भाकरी थापता येते. नुसतं पीठ किंवा नुसतं पाणी घेऊन ती होत नाही. उपासनेत भावना आणि बुद्धीचंही तसंच आहे.

याचं उत्तम उदाहरण अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) मातीतच आहे. इथल्या ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकात कीर्तन आपलंसं केलं. त्यात पूर्वरंग (तत्त्वाचं निरूपण) आणि उत्तररंग (त्याला धरून आख्यान) एकमेकांत गुंफलेले असतात. कीर्तनकार पद म्हणता म्हणता थांबतो, टाळ थबकतात, तो बायबलमधल्या वचनाचा अर्थ उलगडतो आणि पुन्हा त्याच ओळीवर येतो. दुसऱ्यांदा ती ओळ जास्त भिडते, कारण आता ती कळलेली असते. डोळ्यांत पाणी आलं म्हणजे विचार सुटला, हा समज मला म्हणूनच अन्यायाचा वाटतो.

१८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी याच नगरात आर्त भजनं लिहिली, आणि ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचं संपादनही केलं.