चढ चढते इंजिन, तापते गिअरबॉक्सचे तेल

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, कोलोरॅडो नदीच्या काठी बुलहेड सिटी नावाचे गाव आहे. तिथल्या डेव्हिस धरणाजवळून निघणारा स्टेट रूट ६८ हा रस्ता पूर्वेकडचा डोंगर चढू लागतो आणि साधारण १८ किलोमीटरमध्ये सुमारे ९०० मीटर उंची गाठतो. दोन्ही बाजूंना उघडे वाळवंट. उन्हाळ्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. मुद्दाम बघायला जावे असे इथे काही नाही. तरीही अमेरिकन पिकअप ट्रकच्या जाहिरातींत ‘इतके वजन ओढतो’ म्हणून जो आकडा झळकतो, त्याची परीक्षा याच चढावर किंवा प्रयोगशाळेत उभ्या केलेल्या याच चढाच्या नकलेवर झालेली असते.

परीक्षेचे नियम ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने जे-२८०७ या मानकात बांधून दिले आहेत. ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. बाहेरचे तापमान निदान ३८ अंश सेल्सिअस हवे. एसी पूर्ण जोरात चालू हवा. मागे कंपनीने सांगितलेल्या कमाल वजनाचा ट्रेलर हवा. वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये. मागच्या आसावर चार चाके असलेल्या भारी ट्रकना ५६ पर्यंत सवलत. माथ्यावर पोहोचेपर्यंत धोक्याचा दिवा लागायला नको आणि पाणी किंवा तेल उतू जायला नको. हे मानक येण्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने आकडे काढत असे. २०११ च्या टुंड्रा ट्रकसाठी टोयोटाने हे मानक पहिल्यांदा स्वीकारले, आणि २०१५ च्या सुमारास फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम यांनाही तिथे यावे लागले.

या परीक्षेत इंजिनाच्या ताकदीइतकाच कस लागतो तो गिअरबॉक्सचा, आणि त्यातही त्याच्या तेलाचा.

आपल्याकडे पिकअप म्हणजे भाजीपाला, सिमेंट नाहीतर दुधाचे कॅन वाहणारी गाडी. माल हौद्यात असतो. अमेरिकेत फोर्ड सुपर ड्यूटी, शेव्हरोले सिल्व्हराडो एचडी किंवा रॅम २५०० घेणारा माणूस बहुधा मागे काहीतरी ओढणारा असतो: घोड्यांचा ट्रेलर, बोट, जेसीबीसारखे यंत्र, नाहीतर स्वयंपाकघर आणि पलंगासकट आख्खे फिरते घर. असे मोठे घर सहा-सात टनांपर्यंत भरते. त्यासाठी लागणारे इंजिन डिझेलचे. रॅममधले कमिन्सचे, हे नाव पुण्यात १९६२ पासून नांदते आहे. फोर्डच्या ६.७ लिटर डिझेल इंजिनाच्या सर्वांत जोमदार आवृत्तीचा टॉर्क १,६०० न्यूटन-मीटरच्या वर जातो. भारतात मिळणाऱ्या ऑटोमॅटिक टोयोटा हायलक्सचा ५०० आहे, एवढ्यावरून फरक कळावा. आणि आता हे सगळे अमेरिकन डिझेल ट्रक ऑटोमॅटिकच असतात. हाताने गिअर टाकायची सोय शेवटपर्यंत रॅमने टिकवली होती, तीही २०१८ च्या मॉडेलनंतर संपली.

ऑटोमॅटिकमध्ये पायाखाली क्लच नसतो. त्या जागी इंजिन आणि गिअर यांच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर बसतो. एका बंद डब्यात पात्यांची दोन चाके समोरासमोर असतात आणि डबा तेलाने भरलेला असतो. इंजिन एक चाक फिरवते, ते तेल दुसऱ्या चाकावर फेकते आणि तेलाच्या माऱ्याने दुसरे चाक फिरू लागते. दोघांच्या मध्ये स्टेटर नावाचे तिसरे, छोटे चाक परतीच्या तेलाला योग्य दिशा देते. त्यामुळे गाडी उभी असताना किंवा हळू चालताना इंजिनाचा टॉर्क वाढून पुढे जातो. जर्मन अभियंता हेरमान फोटिंगर याने १९०५ मध्ये याचे पेटंट घेतले, तेही मोटारींसाठी नव्हे, जहाजांसाठी. इंजिन आणि चाके यांच्यात धातूला धातू जोडलेला नसतो, म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये असूनही इंजिन बंद पडत नाही आणि गाडी हिसका न देता सुटते.

या आरामाची किंमत उष्णतेत मोजावी लागते. पहिले चाक दुसऱ्यापेक्षा जोरात फिरते तेव्हा मधले तेल नुसतेच घुसळले जाते, आणि घुसळण्यात गेलेली शक्ती सगळी तेलाच्या तापमानात उतरते.

साधा हिशेब मांडता येतो. ट्रक आणि ट्रेलर मिळून दहा टन वजन आहे, चढ सहा टक्क्यांचा आहे आणि वेग ताशी ६० किलोमीटर आहे. नुसते वर चढायला सुमारे ९८ किलोवॅट शक्ती लागते. टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध धरला की आकडा १३० च्या आसपास जातो. त्यातली १५ टक्के जरी कन्व्हर्टरच्या घसरणीत गेली, तर वीसेक किलोवॅट उष्णता तेलात शिरते. म्हणजे न्हाणीघरातले दोन किलोवॅटचे दहा गीझर एकदम चालू, आणि तेल जेमतेम पंधरा लिटर. थंड करायची काही सोयच नसती, तर ते तेल मिनिटाभरात ४० अंशांहून जास्त तापले असते.

यावर उपाय जुना आहे. १९४९ मध्ये पॅकार्ड कंपनीच्या अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये कन्व्हर्टरच्या आत एक क्लच बसवला गेला. गाडीने वेग घेतला की हा क्लच दोन्ही चाके एकमेकांना घट्ट जोडतो. याला लॉक-अप म्हणतात. लॉक-अप झाला की घसरण शून्य. मग उरते ती गिअरची आणि तेलपंपाची किरकोळ उष्णता, आणि ती कूलरला सहज पेलते. भर चढावर लॉक-अप लागला की तापमानाचा काटा मिनिटा-दोन मिनिटांत उतरू लागतो.

म्हणून गिअरबॉक्स कधी तापेल याचा अंदाज वजनावरून बांधला तर चुकतो. सात टनांचा ट्रेलर घेऊन महामार्गावर ताशी ९० ने जाणारा ट्रक तासन्‌तास थंड राहू शकतो, कारण लॉक-अप लागलेला असतो आणि समोरून वारा मिळत असतो. तोच ट्रक कॅम्पच्या जागेवर पोहोचतो आणि चालक चढावर इंच-इंच करत ट्रेलर मागे लावू लागतो. वेग माणसाच्या चालीचा, लॉक-अप सुटलेला, इंजिनाचा जोर पूर्ण, आणि रेडिएटरला वारा नाही. अशा दहा मिनिटांत तापमान जितके चढते, तितके अख्ख्या घाटात चढत नाही. मानक लिहिणाऱ्या अभियंत्यांनाही हे ठाऊक होते. जे-२८०७ मध्ये डेव्हिस धरणाच्या चढाखेरीज आणखी एक परीक्षा आहे: १२ टक्के चढावर पूर्ण वजनासह गाडी उभ्या जागेवरून पाच मिनिटांत पाच वेळा हलवून दाखवायची, आणि मग हाच प्रकार रिव्हर्समध्ये करायचा.

किती तापले म्हणजे जास्त? तेल ८० ते ९५ अंशांत असले की सगळे ठीक. १०५ च्या वर लक्ष द्यावे, १२० जवळ आले की थांबायची जागा शोधावी. अमेरिकन गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे भिंतीवर लागलेला एक तक्ता आहे. ८० अंशांत राहिलेले तेल एक लाख मैल चालते आणि पुढे दर ११ अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असे तो सांगतो. ११५ च्या पुढे तेलातून राळेसारखा थर सुटून झडपांवर बसतो, १२७ च्या आसपास रबरी सील कडक पडतात, १४५ ला क्लच प्लेट घसरू लागतात. तक्ता जुन्या तेलांच्या काळातला आहे आणि आजची सिंथेटिक तेले त्याहून चिवट आहेत, पण बिघाडाचा क्रम आजही तोच. प्लेट घसरल्या की त्यांचीच उष्णता भर घालते आणि पुढचे नुकसान झपाट्याने होते.

काटा वाचतानाही थोडे तारतम्य लागते. बहुतेक ट्रकमध्ये तापमान मोजले जाते ते गिअरबॉक्सच्या तळच्या टाकीतल्या तेलाचे. कन्व्हर्टरमधून नुकतेच बाहेर पडलेले तेल त्याहून कितीतरी गरम असते. ते कूलरमधून फिरून टाकीत येईपर्यंत वेळ जातो. म्हणजे काटा चढलेला दिसतो, तेव्हा तापणे सुरू होऊन काही क्षण उलटलेले असतात.

कूलरचा प्रवासही सरळ नसतो. बऱ्याच गाड्यांत तेल आधी रेडिएटरच्या आतल्या नळीतून जाते आणि मग समोरच्या जाळीमागे बसवलेल्या हवेच्या कूलरमधून. इंजिनाचे पाणी स्वतःच नव्वदच्या वर असेल, तर त्याच्याकडून तेलाला त्याहून थंड होता येत नाही. नव्या ट्रकमध्ये तेल मुद्दाम नव्वदच्या आसपास ठेवतात, कारण गरम तेल पातळ होते आणि इंधन वाचते. जुन्या गाडीत ७० अंश पाहायची सवय असलेल्या चालकाला नव्या ट्रकचा ९५ चा आकडा धसका देतो, पण तो बिघाड नसतो.

या लालसर तेलाचा इतिहासही गमतीचा आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाची चरबी घातली जात असे. क्लच प्लेट नेमक्या किती पकडाव्यात, हे तिच्यामुळे जमत असे आणि ती उष्णतेलाही टिकत असे. अमेरिकेत देवमाशांना कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर कंपन्यांना रासायनिक पर्याय शोधावे लागले. जनरल मोटर्सचे डेक्सरॉन-२ हे तेल त्याच काळातले.

कोलोरॅडो राज्यात आय-७० महामार्ग डिलन गावापासून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढतो. बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे आणि चढ सात टक्क्यांपर्यंत जातो. ट्रकची परीक्षा घेणाऱ्या वाहन-पत्रकारांची ही आवडती जागा. या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ तीस टक्के विरळ असते, म्हणून पंखा कितीही घोंघावला तरी कूलरला कमीच हवा मिळते. इथे जाणता चालक चढ लागण्याआधीच ‘टो-हॉल’चे बटण दाबतो. त्याने गिअर वरचेवर बदलत नाहीत आणि लॉक-अप लवकर लागून टिकून राहतो. तरीही लॉक-अप सुटू लागला, तर तो हाताने एक गिअर खाली घेतो. इंजिनाचे फेरे वाढतात, आवाज वाढतो, आणि तापमान मात्र उतरते. उतारावर तेच बटण इंजिन-ब्रेक लावायला मदत करते.

मराठी मुलखात ही गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. आपल्या बहुतेक पिकअपना हाताचा गिअर असतो, म्हणून घाटाच्या कोंडीत तेलाऐवजी क्लच प्लेट तापते. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणाऱ्या चालकाला जो जळका वास येतो, तो याच घसरणीचा. हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली तेव्हा तिच्यासोबत सहा गिअरचा ऑटोमॅटिकही आला, आणि त्याला टॉर्क कन्व्हर्टरचे सगळे नियम लागू आहेत.

तापमान चढलेच, तर इंजिन लगेच बंद करू नये. पंप थांबला की तेलाचे फिरणेही थांबते. गाडी सुरक्षित जागी उभी करून, हॅण्डब्रेक लावून, गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा आणि फेरे हजार-बाराशेवर ठेवावेत. जुन्या डॉज ट्रकच्या काही गिअरबॉक्समध्ये ‘पार्क’मध्ये तेल कन्व्हर्टर आणि कूलरकडे जातच नाही, म्हणून तिथे न्यूट्रलच हवे. चढावर ट्रेलर मागे लावायचा असेल आणि गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल, तर कच्च्या किंवा मातीच्या जागेवर फोर-लो लावून हळूहळू घ्यावे; चाकांना जोर तेवढाच मिळतो आणि कन्व्हर्टरवरचा ताण निम्म्याहून कमी होतो. आणि तेलाचा रंग तपकिरी झालेला असेल किंवा त्याला जळका वास येत असेल, तर पुढच्या ठरलेल्या सर्व्हिसची वाट न पाहता ते बदलून घ्यावे. नियमित ओझे ओढणाऱ्या गाड्यांसाठी कंपन्यांच्या पुस्तिकांत तेल बदलण्याची मुदत नेहमीपेक्षा कमी दिलेली असते.