विनोदकुमार शुक्ल: बालसाहित्य हे शेपूट की कणा?

रायपूरच्या विनोदकुमार शुक्लांबद्दल लिहिताना कविता आणि कादंबऱ्यांचे गुणगान सविस्तर करायचे आणि मुलांसाठीचे लेखन उतारवयातला विरंगुळा म्हणून दोन ओळींत उरकायचे, अशी रीत पडली आहे. सालांचा हिशेब तिच्याच बाजूचा आहे. १९३७ साली राजनांदगावात जन्म, १९७९ला ‘नौकर की कमीज’, १९९७ला ‘दीवार में एक खिड़की रहती थी’, तिला १९९९चा साहित्य अकादमी पुरस्कार. किशोरांसाठीची ‘हरी घास की छप्पर वाली झोपड़ी और बौना पहाड़’ मात्र पार २०११ची. २३ डिसेंबर २०२५ रोजी ते रायपुरातच वारले. तरीही ही पुस्तके उलट्या क्रमाने वाचून पाहावीत. किशोर कादंबरीतला बोलू चालतानाच बोलतो. थांबला की गप्प. असे का, हे लेखक सांगत बसत नाही. आता मागे, १९९७कडे या. तिथे गणिताचे प्राध्यापक रघुवर प्रसाद एका साधूच्या हत्तीवर बसून कॉलेजात जातात आणि भाड्याच्या एका खोलीच्या खिडकीतून पत्नी सोनसीसह तळ्यांच्या मुलखात उतरतात. कारण इथेही नाही. एकदा अट मान्य केली की ती इमानाने पाळायची, हा लहान मुलांच्या खेळातला कायदा मोठ्यांच्या कादंबरीत आधीपासूनच लागू होता. ऑक्सफर्डात गणित शिकवणाऱ्या लुइस कॅरलनेही १८६५ साली तो पाळला, पण शेवटी ॲलिसला झोपेतून जागे केलेच. शुक्ल कुणाला जागे करत नाहीत. ही मोकळीक त्यांना घराजवळच दिसली असावी: मराठी घरातले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५८पासून राजनांदगावच्या कॉलेजात शिकवत होते आणि तरुण शुक्लांच्या कवितांना पहिली दाद त्यांचीच. मुक्तिबोधांच्या कल्पनाविश्वात भय ठासून भरलेले. शिष्याने कल्पना घेतली, भय सोडले.

मुले हे खरेच वाचतात का, ही शंका रास्त आहे. आपली सवय विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’मधल्या बालकवितांची, तिथे लय मुलाला हात धरून नेते. शुक्लांकडे तो आधार नाही, कथानकही रेंगाळते आणि काही पाने मोठ्याने वाचताना निसटतात, हे कबूल करावे लागेल. पण शब्द साधे, वस्तू ओळखीच्या: झाड, डोंगर, हॉटेल. ‘पुढे काय झाले’ची घाई बरेचदा वाचून दाखवणाऱ्यालाच असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: या निरागसपणाने गरिबी गोड होते. ‘दीवार’पुरता तो थोडा लागूही पडतो, तंगी तिथे फारशी बोचत नाही. ‘नौकर की कमीज’मध्ये मात्र हाच पोरखेळाचा कायदा साहेबाच्या हाती आहे. त्याने आदर्श नोकराच्या मापाचा सदरा शिवून ठेवला आहे, ज्याच्या अंगात बसेल तो नोकर. आणि कारकून संतूबाबूंना धरून तो जबरदस्तीने घातला जातो. सदरा बरोबर बसतो.