खिशातली विजेरी

गेल्या श्रावणात एका रात्री वीज गेली, आणि नेमकी त्याच वेळी आई न्हाणीघराकडे निघाली होती. कपाटाच्या खणातली विजेरी मी काढली, बटण दाबले, तळहातावर आपटूनही पाहिली. उजेड नाही. तोवर उंबऱ्याला अडखळून ब्याऐंशी वर्षांची आई भिंत धरून खाली बसली होती. हाड मोडले नाही, हे नशीब. सकाळी झाकण उघडतो तो सेल पाझरलेले आणि स्प्रिंगवर पांढरी पूड! "मोबाइलचा दिवा होता की," चिरंजीव म्हणाले. तो मोबाइल त्या रात्री चार्जिंगअभावी निपचित पडला होता, हे ते विसरले.

दुसऱ्याच दिवशी अस्मादिकांनी अडीचशे रुपयांची खिशातली विजेरी आणली. (वर्गात मी 'विजेरी' म्हणतो; घरात म्हटले की सौभाग्यवती विचारतात, "म्हणजे बॅटरीच ना?") रिमोटमध्ये घालतात तसा एकच बारीक सेल तिला पुरतो. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि असा सेल देतो दीड. म्हणून पोटात दाब वाढवणारी छोटी यंत्रणा असते. ती नसली की तीन सेल कोंबावे लागतात, म्हणजे पाझरण्याची भीतीही तिप्पट.

दुकानदार मात्र पल्ल्याचीच थोरवी गात होता. वाचकहो, या पल्ल्याची गंमत ऐका. अमेरिकी मानकाप्रमाणे पल्ला म्हणजे प्रकाश जिथे ०.२५ लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो तेवढे अंतर. चांदण्यात सुई ओवून पाहा! चालण्याचे तासही प्रकाश मूळच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंत मोजलेले. आणि आमच्या घरात स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत पावले अवघी चौदा.

तेव्हा खरी परीक्षक आईच. दिवे घालवून विजेरी तिच्या हाती दिली. पहिल्या दाबाला प्रखर उजेड, दुसऱ्याला मंद. मंद उजेडात उंबरा, पाट, बादली, सारे नीट दिसले. प्रखर उजेड पांढऱ्या फरशीवरून उलटून तिच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांत गेला. "आधी मंद लागायला काय झालं होतं रे हिला?" हा दोष मी तोवर पाहिलाच नव्हता. बटणही घट्ट, संधिवाताच्या अंगठ्याला दोनदा जोर करावा लागला. मी चाळीस गुण देत होतो. आईने पंचावन्न दिले, कारण पेनासारखी क्लिप असल्याने ती पोलक्याला अडकवता येते आणि भिंत धरायला दोन्ही हात मोकळे राहतात.

सेल आता दर संकष्टीला काढून पाहतो. परवा पाहायला गेलो तर विजेरी जागेवर नव्हती. आई ती लावून देवघरातल्या समईची वात सारखी करत होती. घरात वीज असताना!