नुसत्या शिट्टीनं फोन लागत नसे

कॅप्टन क्रंच नावाच्या न्याहारीच्या खोक्यातून निघालेली प्लॅस्टिकची शिट्टी फुंकली, की अमेरिकेत कुठंही फुकट फोन लागायचा. फोन फ्रीकिंगचा, म्हणजे टेलिफोनच्या यंत्रणेला चकवून ती हवी तशी वळवण्याचा, विषय निघाला की ही गोष्ट हमखास ऐकायला मिळते. गोष्ट झकास आहे, पण निम्मीच खरी. आणि सांगताना जी निम्मी गळते, तीच जास्त मजेची आहे.

त्या काळी एटी अँड टी, म्हणजे बेल सिस्टीमच्या, एक्स्चेंजांना जोडणाऱ्या बहुतेक ट्रंक लाइनींवर, लाइन रिकामी असताना 2600 हर्ट्झचा सूर सतत वाजत असे. सूर थांबला की पलीकडचं यंत्र समजे, कुणीतरी लाइन घेतली. परत सुरू झाला की समजे, फोन ठेवला. गोम अशी, की हे इशारे बोलण्याच्याच तारेवरून जात. त्यामुळे नेमका तो सूर रिसीव्हरमध्ये कुणी काढला, तरी यंत्राला तो इशाराच वाटे. मग युक्ती अशी चाले: एखादा 800 चा टोल-फ्री नंबर फिरवायचा, ट्रंक मिळाली की 2600 चा सूर सोडायचा. पलीकडचं यंत्र कॉल सोडून देई. सूर थांबवला की त्याला वाटे, नवा कॉल आला, आणि ते आकड्यांची वाट पाहत बसे. आपल्या गावच्या एक्स्चेंजच्या लेखी मात्र तोच टोल-फ्री कॉल चालू. बिल शून्य.

शिट्टीचं काम इथं संपलं. पुढचे आकडे द्यायला 700 ते 1700 हर्ट्झमधल्या सहा सुरांपैकी दोन-दोन एकदम वाजवावे लागत. एका शिट्टीतून एकाच वेळी दोन सूर कुठून काढणार? त्यासाठीच हे जोडसूर काढणारी ‘ब्लू बॉक्स’ नावाची पेटी लागे.

याला अपवाद जो एन्ग्रेसियाचा. 1949 चा जन्म, जन्मांध, आणि सुरांची जाण अशी की ऐकलेली पट्टी बिनचूक धरणार. पाचव्या वर्षी त्याला कळलं, की क्रेडलचा खटका पटापट दाबूनही नंबर लावता येतो. ही कला आपल्याकडेही अनेक घरांत होती. काळ्या फोनच्या डायलला वडीलधाऱ्यांनी कुलूप घातलं, तरी पाच खटके म्हणजे पाच आणि दहा खटके म्हणजे शून्य, हे पोरांना पाठ असे. सातव्या वर्षी जोनं सहज शिट्टी वाजवली आणि चालू लाइन तुटली. काही जुन्या ट्रंक आकडेसुद्धा 2600 च्या तुटक ठोक्यांनी घेत. हा पठ्ठ्या ते ठोके तोंडानं देई. 1968 मध्ये साउथ फ्लोरिडा विद्यापीठात डॉलरला एक कॉल या दरानं दोस्तांना फोन लावून देताना तो पकडला गेला.

म्हणजे खेळण्यातल्या शिट्टीशी ज्याचं नाव कायमचं चिकटलं, त्या जॉन ड्रेपरनं हा शोध लावला नव्हता. ती शिट्टी त्याला जोसारख्याच फोनवेड्या अंध मुलांनी दाखवली. प्रसिद्धी त्याला मिळाली आणि पुढं तुरुंगही.

कंपनीचं गुपित चोरलं, असंही सर्रास म्हटलं जातं. चोरायला गुपित होतंच कुठं? आकड्यांच्या सुरांचा अख्खा तक्ता बेलच्याच तांत्रिक नियतकालिकात नोव्हेंबर 1960 च्या अंकात छापून आला होता, आणि ते विद्यापीठांच्या ग्रंथालयांत कपाटात पडलेलं असे. ऑक्टोबर 1971 मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात रॉन रोझेनबॉम यांचा फ्रीकांवरचा लेख आला. तो वाचून स्टीव्ह वॉझ्नियाक आणि स्टीव्ह जॉब्ज यांनी स्टॅनफर्डच्या प्रवेगक केंद्राचं ग्रंथालय गाठलं आणि आकडे शोधून काढले. वॉझ्नियाकनं पेटी बनवली, दोघांनी ती दीडशे डॉलरना विकली.

सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे, हे सगळं फुकट बोलण्यासाठी होतं. बुकी मंडळी पेट्या वापरत ती त्यासाठीच, यात वाद नाही. पण अस्सल फ्रीकाला गप्पा मारायला पलीकडं माणूसच हवा असं नव्हतं. साध्या फोनवरून 121 लावून काही होत नसे. ट्रंकवरून लावला की त्या शहराची ‘इनवर्ड’ ऑपरेटर येई, जी एरवी फक्त दुसऱ्या ऑपरेटरशीच बोले. तिच्या भाषेत, तिच्या तुटक लयीत दोन वाक्यं टाकली, की पोरगं तिच्या लेखी सहकारी. ही मुलं रात्र-रात्र एका शहरातून दुसऱ्या शहरात कॉल वळवत बसत, आणि लाइन जोडतानाची खरखर ऐकून मधलं यंत्र कुठल्या जातीचं ते सांगत. व्हँकुव्हरच्या एक्स्चेंजमधली एक विसरलेली चाचणी-लाइन त्यांचा कट्टाच झाली होती. 2111 लावून कुणीही तिथं येऊन बसावं. एन्ग्रेसियाला तर टेलिफोन कंपनीत नोकरी हवी होती. 1971 मध्ये अटक झाल्यानंतर ती त्याला मिळालीही. माझ्या मते या मुलांना नुसतं चोर म्हणणं सोयीचं आहे, पुरेसं नाही.

कंपनी बेसावध होती, हेही खरं नाही. चौकशीच्या फुकट नंबरवर तासभर चाललेला कॉल बिलाच्या नोंदीत डोळ्यांत भरे. शिवाय 1964 ते 1970 या काळात ‘ग्रीनस्टार’ नावाच्या गुप्त योजनेत कंपनीनं सुमारे 3 कोटी 30 लाख कॉल यंत्रानं तपासले, त्यातले लाखो टेपवर घेतले. 1975 मध्ये हे फुटलं तेव्हा अडचणीत आली ती कंपनीच.

खरा इलाज एकच होता: इशारे बोलण्याच्या तारेवरून हटवायचे. ते काम 1976 पासून सुरू झालं. मिनेसोटातल्या वाविना या खेड्याची जुनी ट्रंक 2006 पर्यंत टिकून होती. आज फोनमध्ये कितीही शिट्ट्या मारल्या तरी एक्स्चेंज ढिम्म हलत नाही. मात्र भोक कायमचं बुजलं, असं समजू नये. इशाऱ्यांसाठी आलेली एसएस7 ही वेगळी व्यवस्था जाळ्यातल्या प्रत्येक कंपनीवर डोळे मिटून विश्वास ठेवते. 2017 मध्ये जर्मनीत चोरट्यांनी तिच्यातूनच बँकेचे ओटीपी आपल्याकडे वळवून घेतले आणि लोकांची खाती रिकामी केली.